काहीलीपाशी कोण होतं

ग्राबूवेक,
१६ ऑक्टोबर १९८३

गेनियाताई,

पाद्रीबाबांचा भाचा ग्दिनियाला यायचा आहे, त्याच्याबरोबर आलुबुखारांच्या पोविदव्याची बरणी पाठवते आहे. पोरगा धांदरट आहे, तेव्हा बरणी हातात आल्यावर आधी तळाला तडा गेलाय का ते बघा. या वर्षीचा पोविदवा जरा गडद झालाय. आलुबुखारंच तशी होती, उन्हाळा कोरडा गेला.

बरणीच्या कागदात साखरेची कुपनं गुंडाळली आहेत, ती कागदाबरोबर फेकू नका. साखरेवाचून मुरांबे अडले म्हणून सगळीकडे बायका रडताहेत, आणि आमची कुपनं उरतात. दिवसच्या दिवस आटवायच्या पोविदव्याला काय लागतं? फळ, विस्तव आणि दंडात बळ. मदतीला शेजारची कुनेगुंडा आणि तिच्या बहिणी आल्या होत्या. आल्या म्हणजे खायला आल्या. बिया सगळ्या आमच्या सुनेनं, उलानं काढल्या. बोटांची सालं निघाली तरी पोरगी तोंडातून शब्द काढत नाही. एरवीही काढत नाही. ईस्टरनंतर लग्न होऊन आली, आता सहा महिने होतील, पण ती सुखात आहे की दुःखात, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या लेकानं, रिशार्डनं मार्सेयच्या बंदरातून आणलेला साबण पोचला. फार सुरेख आहे. इतका छान जांभळा रंग मी साबणाला पाहिला नव्हता. वापरवत नाही, म्हणून स्टेफानच्या कोटाच्या कपाटात ठेवलाय. माझी तब्येत बरी आहे. ईस्टरआधी लेंटच्या उपासात आलेल्या त्या तापानं भूक तेवढी गेली ती गेलीच.

एक बातमी आहे, चांगली की वाईट ते तुम्हीच ठरवा. उलाच्या वडिलांनी कातोवित्सेहून कळवलंय की खाणीत माझ्या झेनेकला नोकरी आहे, शिवाय राहायला फ्लॅट. झेनेक मला काही बोललेला नाही. दोघं कोठारामागे कुजबुजत असतात आणि मी दिसले की कोंबड्यांना दाणे टाकायला लागतात. कोंबड्या फुगल्यात नुसत्या. ती दोघं गेली तर ही बाग आणि मी, दोघीच उरू.

तुमची
पोला


ग्दिनिया,
२९ ऑक्टोबर १९८३

पोला,

बरणी धड पोचली. आतला माल धड नाही. गडद काय म्हणतेस? करपलाय. झाकणाचा कागद सोडला आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारायला लागली, काही जळतंय का म्हणून.

आईच्या हाताखाली सून म्हणून तू शिकलीस, लेक म्हणून मी शिकले, त्यामुळे तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण कुणालातरी सांगायला हवंय. शेवटच्या दिवशी वाफ बदलते. आंबट असते ती गोड होते आणि गोडाची भाजल्यासारखी झाली की विस्तव मागे ओढायचा. तरीही बुडाला लागलंच, तर लागू दे. वरचा वरचा पोविदवा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचा आणि बुडाला हात लावायचा नाही. इथे कुणीतरी ढवळायचा दांडा घालून बूड खरवडलंय आणि वर सगळं एकजीव केलंय. काळे कण माझ्या दाताखाली आले. एवढं काम फक्त एकच माणूस करू शकतं, ज्याला काहीलीपाशी उभं राहायचं म्हणजे काय ते माहीत नाही.

त्या खाणवाल्या पोरीच्या हातात शेवटच्या दिवशी दांडा दिलास ना? काहीलीची मालकीण तू आहेस. शेवटचा दिवस तुझा. लाड म्हणून दिला असशील तर आता पस्ताव. स्टेफान असता तर जेवणावरून उठला असता. पोरीला कोळशाचीच सवय असेल तर तिनं खुशाल कोळशाकडे जावं, पण आपल्या आलुबुखारांचा कोळसा करायचं तिला काही कारण नव्हतं.

नाताळच्या मसालेदार केकमध्ये घालून बघते. लवंग-दालचिनीनं झाकलं तर झाकलं.

गेनिया


ग्राबूवेक,
९ नोव्हेंबर १९८३

गेनियाताई,

सर्व संतांच्या दिवशी स्टेफानच्या थडग्यावर तुमच्या नावाचीही पणती लावली. वारा होता, तरी विझली नाही.

पोविदव्याचं म्हणाल, तर हो, त्या दिवशी उला काहीलीपाशीच होती. तिनं स्वतःच सगळ्या बायकांसमोर सांगितलं, माझ्याकडून झालं म्हणून. मी काही बोलले नाही. कुनेगुंडानं ते रविवारी चर्चच्या दारात सांगितलं, म्हणजे आता पलीकडच्या गावालाही ठाऊक असेल. लाकूडही ओलं होतं. तुमचं पत्र मी झेनेकला वाचून दाखवलं. उला तिथेच भांडी घासत होती, तिनं ऐकलं असणार. ऐकू दे.

आणखी एक सांगते. रिशार्डचा तो साबण कपाटातून गेला आणि उलाच्या ट्रंकेत सापडला. मागितला असता तर मी नाही म्हटलं असतं का? पण मागायला तोंड उघडावं लागतं. तसं कामाला ती वाईट नाही. परवा मी शेजारीच उभी असताना दूध उतू जाऊन करपायला लागलं, तर ही अंगणातून धावत आली आणि भांडं खाली उतरवलं. सूप चाखायलाही हल्ली तीच असते. स्वयंपाकघर तिनं हळूहळू घेतलंच आहे म्हणा.

ठरलं आहे. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर झेनेक खाणीवर जाणार आणि फ्लॅटची किल्ली मिळाली की ईस्टरनंतर उलाही. मी अडवणार नाही. काहील मात्र कुनेगुंडाला देऊन टाकीन. एकटीनं ती काही पेटवता येत नाही.

पोला


ग्राबूवेक,
१२ डिसेंबर १९८३

आदरणीय गेनियाआत्या,

आईंनी तुमच्यासाठी वाळवलेली अळंबी द्यायला सांगितली होती, ती यासोबत आहेत. हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे, आईंना कृपा करून कळवू नका.

मला एक विचारायचं आहे आणि गावात विचारायची सोय नाही. पोविदवा बुडाला लागायला आला हे वासाशिवाय दुसऱ्या कशानं कळतं का? दांड्याला हाताशी जड लागतं का, की बुडबुड्यांचा आवाज बदलतो? रंगावरून ओळखता येत असेल तर कोणत्या रंगाला थांबायचं? आमच्याकडे खाणीत माणसं आवाजावरून पुष्कळ काही ओळखतात, म्हणून विचारलं.

मी ईस्टरनंतर इथे नसेन, तरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

करपल्याबद्दल तुम्ही रागावलात, ते बरोबर आहे. तुमचा मुरांबा गेला याचं मला वाईट वाटतं.

उर्शुला


ग्दिनिया,
२० जानेवारी १९८४

पोला,

केकमध्येही तो करपट वास लपला नाही, पण ते जाऊ दे. मी केक मळत होते आणि रिशार्डनं हात धुतले. त्याच साबणानं, ज्याची एक वडी तुला पाठवली होती. सगळं स्वयंपाकघर लॅव्हेंडरनं भरून गेलं. आणि मी पिठातले हात तसेच ठेवून उभी राहिले.

तुझ्या लग्नात मी लॅव्हेंडरचं अत्तर लावून आले होते. नवरी असूनही तू मला टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलंस, कारण त्या वासानं तुझ्या पोटात ढवळायला लागलं. स्टेफान ती गोष्ट सांगून सांगून हसायचा. आणि तू मला लिहितेस की साबण सुरेख आहे, रंग छान जांभळा आहे! कपाटात ठेवलाय! पोला, तुला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. दूध तुझ्या नाकाखाली करपतं आणि तुला पत्ता नसतो. सूप तुझी सून चाखते, कारण तुला त्यात काही कळत नाही.

तेव्हा काहीलीपाशी त्या दिवशी तू होतीस. दांडा तुझ्या हातात होता, बूड तू खरवडलंस. आणि पोरीनं चारचौघींत ते अंगावर घेतलं, तर तू मूग गिळून बसलीस. मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. साबणानं सांगितलं.

तुझा मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझाही आला. मी त्या मुलीला कोळशाकडे जा म्हटलं आणि तू ते तिच्या पाठीमागे मोठ्यानं वाचलंस. आपण दोघी म्हाताऱ्यांनी मिळून एका पोरीला घराबाहेर काढलंय.

आणि तुला कधी कुणी विचारलंच, की बुडाला लागायला आलेलं वासाशिवाय कशानं कळतं, तर सांग, कशानंच कळत नाही. दांडा जड लागतो तो उशिरा लागतो. आवाजही उशिरा बदलतो. ज्याला वास येतो त्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. दुसरा उपाय नाही.

गेनिया


ग्राबूवेक,
५ फेब्रुवारी १९८४

गेनियाताई,

तुमचं पत्र वाचून चुलीत टाकलं. मग दोन आठवडे तुमच्याशी मनात भांडले. आता लिहिते.

खरं आहे. मार्चपासून मला कशाचाच वास नाही. डॉक्टर म्हणाला, कधी परत येतो, कधी येत नाही. कुणाला सांगून काय करणार होते? तीस वर्षं या गावात बायका आपापल्या काहीलीतली वाफ माझ्याकडून हुंगून घेत आल्या. त्यांना जाऊन सांगू की आता लाकूड आणि मी सारखेच?

उला त्या दिवशी म्हणाली होती. हळूच, माझ्या कानाशी, "आई, लागतंय बहुतेक." मी तिच्यावर खेकसले, की शेवटच्या दिवशी काहीलीच्या मालकिणीला कुणी शिकवायचं नसतं, तुमच्याकडे रीत नसेल, आमच्याकडे आहे. ती मागे सरकली. मी खरवडत राहिले. मग कुनेगुंडानं नाक उडवलं आणि मला सगळं कळलं. मी तोंड उघडायच्या आत उला म्हणाली, माझ्याकडून झालं. तिला केव्हापासून माहीत होतं, देव जाणे. तापातून उठले तेव्हा ती या घरात आलेलीही नव्हती.

पण मला आलुबुखारांचं तेवढं दुःख नाही. स्टेफानच्या कोटाचं आहे. त्याच्या कोटाला तंबाखूचा आणि आणखी कसला तरी वास होता, मला नाव सांगता येणार नाही. दर रविवारी मी कपाट उघडून उभी राहायचे. आता उघडते, तर तो नुसता कोट असतो. कुणाचाही असावा तसा.

तुमच्या पत्रानंतर मी उलाला साबणाचं विचारलं. रागानं नाही, पण विचारलं. ती म्हणाली, "बाबांच्या कोटाला लॅव्हेंडरचा वास लागत होता. तुम्हाला कळलं असतं तर चाललं नसतं, म्हणून काढून घेतला. कोट मी दोन दिवस वाऱ्यावर ठेवला. आता होता तसा आहे." मी तिला चोर ठरवलं होतं, गेनियाताई. तुम्हाला तसं लिहिलंही.

झेनेक गेला. ईस्टर जवळ येतोय, तिची ट्रंक भरत आली आहे. तिला राहा म्हणायचं कसं, ते मला कळत नाही. मी सासू आहे. हात कसे जोडू? आणि जोडून तरी कोणत्या तोंडानं?

पोला


ग्दिनिया, १४ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

हात जोडू नकोस, ती घाबरेल. राहा असंही म्हणू नकोस. काय घडलं ते कुनेगुंडाच्या देखत सांग, चर्चच्या दारात, जिथे तिनं सांगितलं तिथेच. पोस्टमन हे वाचणारच आहे, तेव्हा सुरुवात झाली असं समज.

गे.


ग्राबूवेक,
१४ ऑक्टोबर १९८४

गेनियाताई,

पाद्रीबाबांचा तोच भाचा, तीच बरणी. या वेळी तडा बघायची गरज नाही, उलानं बरणी गवतात बांधली आहे.

वसंतात सगळं लिहायचं राहिलं. तुम्ही सांगितलंत तसं केलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी सणाच्या जेवणाच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडून झालं आणि सगळ्या बायका दारात उभ्या असताना मी म्हटलं, गेल्या वर्षीचा पोविदवा मी करपवला, मला वास येत नाही, माझ्या सुनेनं तो दोष आपल्या अंगावर घेतला. कुनेगुंडा बोलायला गेली आणि तिला शब्द सापडला नाही. हे पाहण्यासाठी मी आयुष्यात आणखीही दोनचार गोष्टी कबूल करायला तयार आहे. उला टोपली घेऊन चालायला लागली. घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून ताटल्या काढून पुन्हा फळीवर मांडल्या आणि झेनेकला पत्र लिहायला बसली. झेनेक मे महिन्यात परतला. खाणीच्या छतापेक्षा हा उंच, कपाळावर तीन ठिकाणी टेंगळं घेऊन आला.

उलाला दिवस गेले आहेत. फेब्रुवारीत बाळंत व्हायची. तिची तब्येत बघून या वर्षी काहील जरा लवकर पेटवली.

आता शेवटच्या दिवसाचं. दांडा माझ्या हातात होता, कारण तिच्यानं ढवळणं होणार नव्हतं. तिला आलुबुखारांचा वास सोसत नव्हता. बिचारी स्टूल घेऊन वाऱ्याच्या बाजूला बसली होती, तोंडावर रुमाल, चेहरा पांढराफटक. जिला सगळ्यात जास्त वास येतो ती पळून जायला बघतेय आणि जिला येत नाही ती मालकीण, अशी आमची गंमत. बायका सगळ्या जमल्या होत्या. गेल्या वर्षी होत्या तेवढ्याच, वर पलीकडच्या गावच्या काही. मला ठाऊक होतं त्या कशाला आल्यात.

दुपार कलली. मला सगळं ठीक वाटत होतं. रंग चांगला, दांडा हलका. आणि उला उठून उभी राहिली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, थांबा. दांडा वर घ्या."

हात थांबेना, गेनियाताई. खरं सांगते. तीस वर्षांचा हात होता तो. मनात आलं, काही झालेलं नाहीये, ही पोरगी मला सगळ्यांदेखत... आणि तेवढ्यात मी दांडा वर घेतला आणि म्हटलं, "तू सांग."

तिनं सांगितलं. झेनेकनं विस्तव ओढला. वरचा पोविदवा आम्ही गरम गरमच बरण्यांत भरला, बुडाला कुणी हात लावला नाही. काहील रिकामी झाली तेव्हा बुडाशी तळहाताएवढा काळा डाग निघाला. तळहाताएवढा. आणखी थोडा वेळ ढवळलं असतं तर सगळं गेलं असतं. कुनेगुंडानं डाग पाहिला, उलाकडे पाहिलं आणि आपल्या काहीलीच्या शेवटच्या दिवशी येशील का म्हणून तिला विचारलं. माझ्यासमोर! उला म्हणाली, आईंना विचारून सांगते.

आता माझं एक काम करा. बरणी उघडा आणि वास कसा आला ते मला लिहा. उला म्हणते, छान आलाय. पण ती आता माझं मन राखायला शिकली आहे. तुम्ही माझं मन कधी राखलं नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते.

पोला


ग्दिनिया,
२८ ऑक्टोबर १९८४

पोला,

रिशार्ड बाहेर गेल्यावर बरणी उघडली, म्हणजे त्याच्या सिगारेटी आड येणार नाहीत. खिडकी लावून घेतली. आता लिहिते, एकेक करून.

सगळ्यात आधी धूर. आलुबुखाराच्याच वाळक्या फांद्यांचा, तू नेहमी घालतेस तो. त्याच्या मागून आंबट, जिभेच्या कडांना पाणी सुटतं तसं. मग गोड, पण साखरेचं गोड नाही, राय पावाचा वरचा कडक भाग भट्टीतून निघतो तेव्हा येतो तसं. शोधूनही करपट सापडला नाही. दोनदा शोधला.

मग मी झाकण लावून स्वयंपाकघरातून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परत आले. तेव्हा मला स्टेफानचा वास आला. माझ्या भावाचा. तो काहीलीचं लाकूड सारून घरात यायचा आणि कोट खुंटीला टांगायचा, तो वास. तुला नाव सांगता येत नव्हतं ना? तंबाखू आणि पोविदव्याचा धूर, पोला. आणखी काही नव्हतं त्याच्या कोटाला. तो तुला बाहेरून आणावा लागत नव्हता, तू दरवर्षी अंगणात शिजवत होतीस. मी टेबलाशी बसून रडले आणि मग दोन पाव खाल्ले.

आता तक्रार. आंबट जरा जास्त आहे. आलुबुखारं देठापाशी सुरकुतायच्या आत उतरवलीत. बाळंतपणाची घाई फेब्रुवारीत असते, ऑक्टोबरात नाही. आठवडाभर झाडावर राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पुढच्या वर्षी ही चूक चालणार नाही.

हे एवढं उलाला वाचून दाखव. यापुढे काहीलीच्या तक्रारी तिच्या नावानं येतील.

गेनिया